लकवा गेलेला हात पुन्हा शिकतो

‘अंगावरून वारं गेलं’ असे आपण म्हणतो. ते वारे नाही, करणीही नाही. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते.

विड्या वळणारा हात लुळा पडतो, पण बऱ्याचदा स्नायूंत क्षीण विद्युत संदेश उरतो. दिल्लीच्या आयआयटी व एम्सने बनवलेले यंत्र त्वचेवरून तो टिपते आणि मनगट, बोटे हलवते. प्रयत्न रुग्णाचा, जोर यंत्राचा. अशा सरावाने मेंदू हाताला पुन्हा शिकवतो.

तथागतांनीही स्वप्रयत्नच शिकवला. यंत्र नसले तरी रुग्णाने स्वतः प्रयत्न करावा, आपण फिजिओथेरपिस्टने दाखवला तसा रोज आधार द्यावा.

आणि तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर अंगारा नको. लगेच सोलापूरचे सिव्हिल गाठू. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.