पार्सलाचे खोके : एक दुर्लक्षित विषय

स्मरणिकेसाठी काहीतरी अभ्यासपूर्ण लिहून द्यावे, असे ट्रस्टच्या चिटणीसांनी आम्हांस सांगितले, तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यावर लेख येईल अशी त्यांची कल्पना खचितच नसणार. परंतु आपल्या सभासदांच्या कित्येक घरांतून आज मोबाइलवर मागणी घेऊन माल बाहेरगावी जातो. कोणाचे लोणचे, कोणाच्या गोधड्या, कोणाची मातीची भांडी. माल उत्तम असतो, भावही रास्त असतो. आणि तरीही पैसा हाती राहत नाही. तो कोठे गळतो, हे शोधू गेल्यास पुष्कळदा खोक्यापाशी येऊन थांबावे लागते.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. मुलगा खानापूर तालुक्यातील कुंभारघरातला. खानापूरच्या मातीच्या भांड्यांचा लौकिक वाचकांस ठाऊक आहेच. कुंभारकामाचे शिक्षण देणारी खादी ग्रामोद्योगाची संस्थाही तेथे आहे. ह्या मुलाने दही लावण्याची सहा मडकी पुण्यास पाठविली. खोके किराणा दुकानातून मागून आणलेले बिस्किटांचे, आत वर्तमानपत्राचे बोळे. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाने छायाचित्र पाठविले: सहांच्या सहा मडक्यांच्या खापऱ्या! मुलगा आमच्या घरी येऊन म्हणाला, "सर, आई म्हणते, हे बंद कर. बाजारात बसून विकताना एखादे फुटले तर निदान आपल्या डोळ्यांदेखत फुटते."

त्या माउलीचे म्हणणे खोटे नव्हते. बाजारात बसलेला विकणारा मडके टिचकी मारून वाजवून दाखवितो, दोन शब्द बोलतो. पार्सल पोहोचते तेव्हा विकणारा तेथे नसतो. गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहते ते खोके.

आम्ही मुलाला बसविले आणि फळ्यावर मांडावा तसा हिशेब मांडला. समजा, एका पार्सलातील माल तयार करण्यास १८० रुपये लागले, पाठवणावळ ९० रुपये, खोके व भरण २५ रुपये. एकूण २९५. विक्री ३७५ रुपयांस, म्हणजे नफा ८०. आता ते पार्सल फुटले आणि दुसरे पाठवावे लागले, तर पुन्हा २९५ रुपये खर्च. जवळजवळ चार चांगल्या पार्सलांचा नफा एका फुटक्यात गेला. उलट, खोक्यावर १५ रुपये अधिक खर्चिले, तर वीस पार्सलांस ३०० रुपये पडतील. म्हणजे विसांत एक फूट वाचली तरी खर्च जवळजवळ भरून निघाला. आणि विटलेले गिऱ्हाईक ह्या हिशेबात आम्ही धरलेलेच नाही.

आता खोक्याची रचना पाहू. घरातील मुलांस जवळ बोलवावे. एक साधा कागद दोन पुस्तकांच्या चळतींवर पुलासारखा ठेवून त्यावर खोडरबर ठेवा. कागद खाली वाकेल. त्याच कागदाला पंख्यासारख्या बारीक घड्या घालून तो पुन्हा ठेवा. आता तो त्याहून कितीतरी अधिक वजन पेलेल. कोरुगेटेड पुठ्ठ्याचे मर्म एवढेच. १८५६ साली इंग्लंडात अशा घड्यांच्या कागदाचे पहिले पेटंट घेतले गेले, ते उंच हॅटांच्या आतील अस्तरासाठी! पुढे १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स ह्याने तो बाटल्या व कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी वापरला, आणि १८७४ साली ऑलिव्हर लाँग ह्याने नागमोडी थराच्या दोन्ही बाजूंस सपाट कागद चिकटविला. आज आपण 'तीन प्लाय' म्हणतो तो हाच पुठ्ठा. त्यात आणखी एक नागमोडी व एक सपाट थर घातला की 'पाच प्लाय' होतो. कापड, पुस्तके ह्यांस तीन प्लाय भरपूर झाला. गोधडीला तर खोकेही नको, पाणी न शिरणारी पिशवी पुरे. काच आणि माती ह्यांस मात्र पाच प्लायच घ्यावा.

खोके उभे असता आतील नळ्या उभ्या असाव्यात. आडव्या असतील तर वरचे ओझे पेलवत नाही. ओझे मुख्यतः चार कोपऱ्यांवर येते, म्हणून कोपरा चेपलेले जुने खोके कितीही नवे दिसले तरी घेऊ नये. बिस्किटांच्या खोक्याचे बळ बिस्किटे वाहण्यातच खर्ची पडलेले असते. त्यातून आपल्याकडचा पाऊस! पुठ्ठा हवेतली ओल शोषतो व मऊ पडतो. जून ते सप्टेंबर खोकी भिंतीला टेकवून वा जमिनीवर ठेवू नयेत, फळीवर ठेवावीत.

भरण कशाचे करावे? आमच्या लहानपणी हापूस आंबा लाकडी पेटीत, पेंढ्यात बसून येई. आज लाकूड बहुतांशी जाऊन पुठ्ठा आला, तरी 'पेटी' हा शब्द आपण सोडला नाही. खानापूर भागात भात पिकते, तेव्हा पेंढा दारात आहे. कडक उन्हात वाळवून घेतला तर मातीच्या भांड्यांस तो उत्तम. ओला राहिला तर बुरशी धरतो. परदेशी पाठविताना मात्र तो वापरू नये, अनेक देशांत त्यास मनाई आहे. प्रत्येक मडके वेगळे गुंडाळावे, त्याच्या पोटातही भरण घालावे, दोहोंमध्ये पुठ्ठ्याचा पडदा असावा आणि चोहोबाजूंनी दोन इंच भरण राहावे. खोके बंद करून हलवावे. आवाज आला की पुन्हा उघडावे. येथे आळस उपयोगी नाही. चिकटपट्टी मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक अशी लावावी.

"मग मोठेच खोके घेतो," असे मुलगा म्हणाला. त्यातही खोच आहे. पुष्कळ कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी व उंची ह्यांच्या सेंटिमीटरांतील गुणाकारास ५००० ने भागून येणारे वजन आणि खरे वजन ह्यांपैकी जे अधिक त्यावर आकार लावतात. ३० × २५ × २० चे खोके असेल, तर आत एक किलो माल असूनही पैसे तीन किलोंचे! म्हणून आधी माल मोजावा, मग भरण धरून खोक्याचे माप ठरवावे.

शेवटी परीक्षा. कारखानदार बंद खोके ठरावीक उंचीवरून एका कोपऱ्यावर, तीन कडांवर व सहा बाजूंवर असे दहा वेळा टाकून पाहतात. हलक्या पार्सलास ही उंची सुमारे ७६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या कमरेपेक्षा थोडी खाली. आम्ही आमच्या अंगणात तेच केले. पहिल्या खेपेस मुलाची आई डोळ्यांवर पदर घेऊन बसली होती. सहांपैकी दोन मडकी गेली. पडदे उंच केले, खोक्यात सहांऐवजी चारच मडकी ठेवली. मग दहाही आपटांत एकास तडा गेला नाही. पुण्याच्या त्याच गिऱ्हाइकास मुलाने ती चार आणि मागाहून दोन अशी विनामूल्य पाठविली. ती धड पोहोचली आणि चाक अजून फिरते आहे.

एक अडचण उरते. मापाची खोकी करून देणारे थोड्या नगांस तयार नसतात आणि एकट्या घराला शेकड्यांनी घेणे परवडत नाही. ट्रस्टने तीन मापांची खोकी एकत्र मागवून सभागृहामागच्या खोलीत ठेवली आणि सभासदांस मूळ भावाने दिली, तर हे सहज जमण्यासारखे आहे. कोणत्या घरास कोणते माप लागेल, ह्याची यादी आम्ही करीत आहोत. ज्यांना आपले नाव घालावयाचे असेल त्यांनी शाळा सुटल्यावर आम्हांस भेटावे, येताना पाठवावयाची वस्तूही आणावी.