‘भरून टाका काका, नाव काढून देतो’

चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. ओझर, सुकेणे, पिंपळगाव या पट्ट्यात यात नवल काही नाही. भावकीत कुणाचं ना कुणाचं कर्ज असतंच आणि सहीला घरचाच माणूस लागतो. त्या सहीचं मला आजही वाईट वाटत नाही. पण नोव्हेंबर 2023 मध्ये निफाड तालुक्यात गारपीट झाली, भावाची द्राक्षबाग झोडपून निघाली आणि हप्ते थकले. थकबाकी लांबत गेली आणि कर्ज एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, गेलं. मग वसुलीचे फोन सुरू झाले, त्याला आणि मलाही.

एक दिवस वसुलीचा मुलगा घरी आला. मुलगा बोलायला चांगला होता. म्हणाला, “काका, एकरकमी एवढे भरून टाका, उरलेले माफ. सिबिलमधून दोघांचीही नावं काढून देतो.” भावानं इकडून तिकडून जमवून पैसे भरले, पावती घेतली. आमच्या लेखी विषय संपला होता.

2025 मध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज केला आणि तो परत आला. मॅनेजर म्हणाले, “तुमचा सिबिल रिपोर्ट आधी नीट वाचा.”

रिपोर्ट मागवायला पैसे लागत नाहीत. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 2017 पासून आहे. माझ्या रिपोर्टमध्ये भावाचं ट्रॅक्टर कर्ज होतं, मालकीच्या रकान्यात ‘गॅरंटर’. खाली महिन्यामहिन्याच्या चौकटी. गारपिटीआधीच्या चौकटींत 000, पुढे किती दिवस उशीर झाला ते आकडे चढत चढत नव्वदच्या पार गेलेले. आणि खात्याची स्थिती: ‘सेटल्ड’.

नाव कुठेही निघालेलं नव्हतं. निघणारही नव्हतं, कारण वसुली एजंटाच्या हातात ते नसतंच. रिपोर्टमधली नोंद बदलायची ती कर्ज देणाऱ्या संस्थेनं. सिबिलसुद्धा तिच्या होकाराशिवाय आकडा हलवत नाही. ‘सेटल्ड’चा अर्थ बँका असा लावतात की यानं पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्ही कमी घेऊन वाद मिटवला. पुढचं कर्ज देताना ही नोंद त्यांना खटकते.

आम्ही कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी विचारलं, ‘माफ’ केलेली रक्कम किती, ती भरली तर खातं ‘क्लोज्ड’ दाखवाल का? होकार कागदावर आला, मगच भावानं उरलेले पैसे भरले आणि ना-थकबाकी दाखला घेतला. तरी रिपोर्ट जैसे थे. शेवटी सिबिलच्या साइटवर दाखला जोडून तक्रार टाकली. अशा तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागला पाहिजे. त्यातले पहिले 21 दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला मिळतात. मुदत उलटली तर दिवसाला 100 रुपये भरपाई, हे एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्यालाही फी नाही.

स्थिती ‘क्लोज्ड’ झाली. स्कोअर मात्र थोडाच वर सरकला, आणि इथेच बहुतेकांची निराशा होते. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला तरी जुना फेरफार दप्तरात राहतो, तसं हे आहे. थकलेले महिने खरे होते, म्हणून ते राहिले. ही माहिती किमान सात वर्षं जपायची असा कायदाच आहे. स्कोअर 300 ते 900 मध्ये मोजतात, साधारण 750 च्या वर बँकांना बरं वाटतं. तिथवर परत जायला वेळेवर भरलेले नवे हप्तेच लागतात, आणि जुनी थकबाकी मागे पडेल तसं तिचं वजन कमी होतं.

नोंदच चुकीची असेल तेव्हा गोष्ट वेगळी. कुणा दुसऱ्याचं कर्ज पॅनच्या घोटाळ्यानं आपल्या नावावर, किंवा कर्ज विकल्यावर जुनी आणि नवी अशा दोन्ही संस्थांच्या नावे एकच थकबाकी दोनदा. अशी नोंद निघाली की तिच्यासोबत तिचे थकलेले महिनेही निघतात आणि स्कोअर चांगला उसळू शकतो. पण सिबिलसारख्या एका संस्थेत दुरुस्ती झाली म्हणजे चारही ठिकाणी झाली असं धरू नका. प्रत्येकीचा रिपोर्ट वेगळा काढून पाहा.

‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, ओटीपी तर मुळीच नाही. खरी नोंद कुणी पुसू शकत नाही, आणि खोटी पुसायला तक्रार फुकट आहे.

शेतकरी मित्रांना आणखी एक. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्री फडणवीसांनी मे 2025 मध्ये बँकांना बजावलं. पण हे बोलणं पीककर्जापुरतं होतं. ट्रॅक्टर, घर, मुलांचं शिक्षण या सगळ्याला रिपोर्ट बघतातच. मुलीचं कर्ज आम्हाला अखेर मिळालं ते तिच्या आईला सहकर्जदार करून. आईचा रिपोर्ट स्वच्छ होता.

आज कुणाच्या दारात तडजोडीचा प्रस्ताव आला असेल, तर पैसे देण्याआधी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात कर्ज क्रमांक, रक्कम, आणि खातं ‘सेटल्ड’ दाखवणार की ‘क्लोज्ड’, हे तिन्ही हवं. जमत असेल तर थोडं थांबून, मुदत मागून पूर्ण रक्कम भरा. व्याजात आणि दंडात सवलत मागायला हरकत नाही, पण ती सवलत रिपोर्टला कशी लागेल हे आधी लिहून घ्या. पैसे एजंटाच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरा. ट्रॅक्टर असेल तर ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओतला बोजाही उतरवा. आणि जामीनदार असाल तर ना-थकबाकी दाखल्यात आपलं नाव घालून मागा, कारण संस्था तो बहुतेकदा कर्जदाराच्याच नावानं देते आणि उद्या बँकेत दाखवायची वेळ तुमच्यावर येते.