पाय पुन्हा पुन्हा सुजू नये म्हणून

जव्हार-मोखाड्यात आवणी लागली की बाईमाणसाचे पाय महिनाभर धड कोरडे होत नाहीत. सकाळी खाचरात उतरायचं, दिवसभर चिखलात उभं राहून रोपांच्या मुठी लावायच्या आणि अंधार पडला की तेच पाय घेऊन चुलीपाशी बसायचं. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, सोलते, खाजते, वास येतो. या चिखल्यांना आमच्याकडे कुणी आजार म्हणत नाही. पावसाळ्यात होतात, दिवाळीपर्यंत जातात, असंच सगळे धरून चालतात. माझा उजवा पाय कायमचा जाड झाला तो याच चिखल्यांमुळे. मी मोखाडा तालुक्यातली अंगणवाडी सेविका आहे, घरी भात-नागलीची शेती आहे. माझ्यासारखे पाय मला गावोगावी दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्यांदा झालं तेव्हा पायाला काहीच दिसत नव्हतं. संध्याकाळी एकाएकी हुडहुडी भरली, दोन गोधड्यांतही थंडी जाईना. आमच्याकडे थंडी वाजून ताप म्हणजे आधी हिवताप. रक्ताचा नमुना घेतला, त्यात काही निघालं नाही. सकाळी उठून बघते तर घोट्याच्या वरचा भाग लालभडक, तकतकीत, हात लावला तर चटका बसावा इतका गरम. जांघेत अवधाण आलेलं. म्हाताऱ्या माणसांनी बघितल्याबरोबर धावरं म्हणून ओळखलं. कुणी बिब्ब्याचा चटका द्यायला सांगितलं, कुणी भगताकडे न्यायला. मी डॉक्टरकडे गेले. एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. ताप गेला, लाली हळूहळू ओसरली.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. मग एकदा ऐन थंडीतही झालं, आणि तेव्हा मी घाबरले. दर वेळी दवाखाना वेगळा, गोळ्यांचा रंग वेगळा, पण माझ्या पायाची बोटं फाकवून बेचक्यात कुणीही बघितलं नाही. आलेला ताप उतरवला की काम संपलं, अशीच सगळी रीत. हा आजार परत का येतो, हे एकाही केस पेपरावर लिहिलेलं नव्हतं.

बोटं फाकवून बघणारा डॉक्टर मला उशिरा भेटला. त्यांनी आधी रक्तातली साखर तपासली, मग पाय उजेडात धरून बेचकं न् बेचकं बघितलं, टाचेच्या भेगा बघितल्या, दोन्ही पिंडऱ्यांचा घेर टेपने मोजला. आजाराचं नाव सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालच्या थराला झालेला जंतुसंसर्ग. पायावर असा लाल, पसरणारा, पू नसलेला संसर्ग बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे होतो. चिखल्या होतात बुरशीमुळे. बुरशीने कातडी फोडून ठेवली की तेच या जंतूचं दार होतं. हा जंतू अंगात शिरला की कातडीखालच्या लसीकावाहिन्यांना इजा करतो. उतींमधलं जास्तीचं पाणी वाहून नेणं हे त्या बारीक नळ्यांचं काम. त्या खराब झाल्या की पाणी पायातच साठतं, आणि सुजलेल्या पायात पुढचा संसर्ग आणखी सहज होतो. प्रत्येक झटका असा पुढच्या झटक्याची तयारी करून जातो. हे चक्र मला कुणी पहिल्या वर्षीच समजावलं असतं, तर आज माझ्या दोन पायांना एकाच मापाची चप्पल आली असती.

आधी अंगातला संसर्ग पुरता बरा केला. नंतर डॉक्टरांनी पेनिसिलीनची छोटी मात्रा सुरू केली. २५० मिलिग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ, वर्षभर. दुखत नसताना रोज अँटिबायोटिक घ्यायचं, हे मला पटेना. अंगणवाडीत आम्हीच आयांना सांगतो की उगाच अँटिबायोटिक देऊ नका. तेव्हा त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाची माहिती दिली. इंग्लंड-आयर्लंडच्या बाजूला २७४ रुग्णांवर तो झाला होता. सगळ्यांना पायाचा सेल्युलायटिस निदान दोनदा होऊन गेलेला. निम्म्यांना वर्षभर हीच मात्रा दिली, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. नुसत्या गोळीवाल्यांपैकी ३७ टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला, पेनिसिलीनवाल्यांपैकी २२ टक्क्यांना. औषध थांबवल्यावर मात्र हा फायदा टिकला नाही, दोन्ही गटांत आजार सारख्याच प्रमाणात परत येऊ लागला. ज्यांचा पाय आधीच सुजलेला, वजन खूप जास्त किंवा झटके तीन-चार होऊन गेलेले, त्यांना औषधाचा गुण कमी आला.

या आकड्यांतून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, तिसऱ्या-चौथ्या झटक्याची वाट बघत बसू नये. दुसरा झटका आला की डॉक्टरांशी हा विषय स्वतःहून काढावा. दुसरी, गोळी मला फक्त सवड देते. त्या सवडीत चिखल्या बऱ्या करायच्या, भेगा भरायच्या, सूज उतरवायची. ते केलं नाही, तर वर्ष संपल्यावर पाय होता तिथेच.

पायाची निगा सांगायला सोपी, आमच्याकडे करायला अवघड. पावसाळ्यात पाणीच पाणी आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यावर टँकरची वाट बघायची. ‘पाय रोज साबणाने स्वच्छ धुवा’ असं भिंतीवर लिहिलेलं असतं, पण हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरणारी बाई ते पाणी पायावर कसं ओतेल? माझ्या अनुभवात दोन तांबे पाणी पुरतं. एका तांब्यात साबण लावून बेचकी चोळायची, दुसऱ्याने धुवायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुसणं. जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन प्रत्येक बेचकं कोरडं करायचं, मग क्लोट्रिमाझोलचं मलम बोटभर पसरायचं. खाज थांबली की लोक मलम सोडतात. बेचकं बरं दिसायला लागल्यावरही दोन आठवडे ते लावत राहावं. टाचांना मोहाच्या बियांचं तेल लावायची आमची जुनी रीत चांगली आहे, कातडी मऊ राहते. पण रक्त येणाऱ्या, ओल्या भेगेत तेल, राख, तंबाखू काहीही भरू नये. आणि बिब्बा तर नकोच. तो उतला की नवी जखम होते, तिथूनच जंतू आत जातो.

गमबूट घाला म्हणणारे मला भेटले आहेत. आवणीच्या चिखलात गमबूट रुततो, पाय निघतो आणि बूट आत राहतो. म्हणून आम्ही कामं वाटून घेतली. बेचकं फुटलेलं असेल त्या दिवसांत मी बांधावर बसून मुठी बांधते, जाऊबाई लावणीला उतरतात. अंगणवाडीत असताना पायाला क्रेप बँडेज बांधते, बोटांपासून वर गुडघ्यापर्यंत, झोपताना काढते. कसं बांधायचं ते नर्सताईंनी शिकवलं. घट्ट बांधलं तर रक्त अडतं, म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नये. रात्री पायाखाली गोधडीची घडी. दाबपट्टीचा उपयोग ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथल्या, २०२० साली छापून आलेल्या अभ्यासात चांगला दिसला आहे. पाय कायम सुजलेल्या ज्या रुग्णांनी ती वापरली त्यांच्यात १५ टक्क्यांना आजार उलटला, न वापरणाऱ्यांत ४० टक्क्यांना. गोळीइतकंच बळ या पट्टीत आहे, असं मला वाटतं.

माझं बघून शेजारच्या एकीने आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला माझ्याच पुडीतल्या गोळ्या दिल्या. त्याच्या अंगावर खरूज होती, खाजवून पिकलेली. मला कळलं तेव्हा त्याचे हात बोटांपर्यंत पुवाने भरले होते. खरजेला वेगळं मलम लागतं, तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं. पू धरणारी गळवं, केसतुडं बहुतेक दुसऱ्या जंतूची असतात, त्यांना ही साधी पेनिसिलीन लागू पडत नाही. पुरानंतर लेप्टोसाठी काही ठिकाणी डॉक्सीसायक्लिन देतात, तेही वेगळं प्रकरण. आणि पेनिसिलीनची काहींना अ‍ॅलर्जी असते, अंगावर गांध्या उठतात, क्वचित श्वास कोंडून जीवावर बेततं. तशांना डॉक्टर दुसरं औषध देतात. एकाच्या नावाची गोळी दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्यांची अडचण मोठी. भिवंडी-वसईकडे गेलं की औषधाची साखळी तुटते. रोज गोळी जमत नसेल तर पेनिसिलीनचं दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शनही असतं, ते आपल्याला चालेल का, हे निघण्याआधी विचारा. मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय असो की जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय, तिथल्या केस पेपरावर औषधाचं नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि आजवर किती झटके आले ते लिहून घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो बरोबर न्या. नवा डॉक्टर त्यावरून पुढचं ठरवू शकतो.

औषध चालू असतानाही झटका येऊ शकतो. हुडहुडी भरली की पाय बघा. लाली दिसली तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारा, पाय उंच ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लाली रेघेबाहेर भराभर चालली, फोड आले, कातडी काळी-निळी पडली, बघताना दिसतं त्यापेक्षा दुखणं फारच जास्त असलं, माणूस बरळू लागला, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. साखरेच्या रुग्णाने तर अजिबात थांबू नये. दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर ते बहुधा दुसरंच काही असतं, तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या. खाचरात काही चावल्याची शंका असेल, तर आधी सापाचा विचार.

माझी वर्षभराची गोळी जूनमध्ये संपत होती, म्हणजे बरोबर नांगर जुंपायच्या वेळी. मी डॉक्टरांना विचारलं, पावसाळ्याच्या तोंडावर थांबवायची का? त्यांनी बेचकी पुन्हा तपासली आणि भात झोडून होईपर्यंत गोळी चालू ठेवली. थांबवायची तारीख ठरवताना आपलं शेतीचं काम कोणत्या महिन्यात असतं, हे डॉक्टरांना आपणच सांगायला हवं.