ही चिठ्ठी कोणाची?

दोन आठवड्यांचा स्प्रिंट संपला, की शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला आमची रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायची रेट्रोस्पेक्टिव्ह बैठक, असायची. हिंजवडीतलं ऑफिस, सगळ्यांचा एक डोळा घड्याळावर, कारण बस चुकली की घरी पोचायला रात्र होणार. मी नव्यानेच स्क्रम मास्टर झालो होतो. फळ्यावर तीन रकाने आखायचे: काय चांगलं झालं, काय बिघडलं, पुढे काय करायचं. प्रत्येकाने चिठ्ठ्या लिहून त्यात लावायच्या. त्या दिवशी डिलिव्हरी मॅनेजरही येऊन बसले होते. त्यांना थांबवावं हे मला सुचलंच नाही.

एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'टेस्टिंगला शेवटचे दोनच दिवस मिळतात. बग म्हणूनच राहतात.' मी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "ही कोणाची?" लिहिणाऱ्याला सविस्तर बोलता यावं, एवढाच माझा हेतू होता. आमच्या टेस्टरने हळूच हात वर केला. मॅनेजर म्हणाले, "मग प्लॅनिंगच्या वेळी का नाही बोललीस?" ती खाली बघत राहिली. त्या क्षणी बोलायला हवं होतं ते मी, आणि मी गप्प बसलो.

पुढच्या तीन रेट्रोंमध्ये चिठ्ठ्यांवर 'टीमवर्क छान', 'सगळं ठीक' एवढंच. लोकांना कंटाळा आला असेल असं समजून मी खेळ आणले, होडी आणि नांगराची चित्रं काढली. काही उपयोग झाला नाही. शेवटी चहाच्या टपरीवर तीच म्हणाली, "अरे, हा मुद्दा मी आधीही मांडला होता. तू लिहूनही घेतलास." जागेवर येऊन जुनी टिपणं उघडली. मुद्दा तीनदा होता, माझ्याच शब्दांत. ती फाइल मी लिहून ठेवल्यावर पुन्हा उघडलीच नव्हती.

रेट्रो कंटाळवाणी होते ती खेळ नसल्यामुळे नव्हे. बोललेल्याचं पुढे काहीच होत नाही, किंवा ते बोलणाऱ्यावरच उलटतं, हे लोकांना कळलेलं असतं.

नॉर्मन कर्थ यांनी 2001 साली रेट्रोस्पेक्टिव्हवर पुस्तक लिहिलं. त्यात सुरुवातीलाच एक गोष्ट गृहीत धरायला सांगितली आहे: त्या वेळी जेवढं माहीत होतं, जेवढी साधनं हाताशी होती, त्यात प्रत्येकाने आपल्या परीने उत्तमच काम केलं. मी हे वाचलं होतं, भिंतीवर लावलंही होतं. पण 'कोणाची' या माझ्या एका प्रश्नाने ते पुसलं गेलं. एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांच्या 2006 च्या पुस्तकात रेट्रोचे पाच टप्पे आहेत. वातावरण तयार करणं, माहिती गोळा करणं, तिचा अर्थ लावणं, काय करायचं ते ठरवणं आणि समारोप. मी पहिले तीन टप्पे ओलांडून थेट चौथ्यावर उडी मारत होतो.

पुढच्या वेळी मॅनेजरना आधीच भेटून विनंती केली: तुम्ही येऊ नका, टीम जे ठरवेल ते मी तुम्हाला सांगेन. त्यांनी ऐकलं. रेट्रो शुक्रवारी सकाळी घेतली. मतं विचारण्याआधी भिंतीवर फक्त तारखा लावल्या: कोणती स्टोरी, म्हणजे कामाचा कोणता तुकडा, कधी सुरू झाली, टेस्टिंगला कधी आली. बहुतेक सगळ्या शेवटच्या दोन दिवसांत गर्दी करून उभ्या होत्या. कोणाला काही सांगावंच लागलं नाही. एक डेव्हलपर आपणहून म्हणाला, "आपण सगळ्या एकदम सुरू करतो, म्हणून सगळ्या एकदम संपतात." ठरलं एकच: हातातली स्टोरी टेस्टिंगमधून पार झाल्याशिवाय नवी घ्यायची नाही.

तो निर्णय टिपणात न ठेवता पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर कार्ड म्हणून लावला, एकाचं नाव घालून. किमान एक सुधारणा पुढच्या स्प्रिंटच्या कामात धरायचीच, असं 2017 च्या स्क्रम गाइडमध्ये होतं. 2020 च्या आवृत्तीत ती सक्ती उरली नाही. मी मात्र ती पाळतो, आणि तुम्हीही पाळा. दहा ठराव करून एकही न पाळण्यापेक्षा एक पाळलेला बरा.

चिठ्ठ्या आता बिननावाच्या असतात, आधी पाच मिनिटं सगळे न बोलता लिहितात. घरून काम करणाऱ्यांसाठीही तेच, ऑनलाइन बोर्डावर. मी मुद्दा वाचतो आणि विचारतो, "हे अजून कोणाला जाणवलं?"

तुमच्या टीमच्या मागच्या तीन रेट्रोंची टिपणं आजच उघडा. एकच मुद्दा दोनदा दिसला, तर पुढची रेट्रो त्यानेच सुरू करा.