जखमी कामगार आणि घरच्यांचा दवाखाना



शेतीत भागेना की लातूर, नांदेड, बिदरकडची तरुण मुले हैदराबादची वाट धरतात. कुकटपल्लीत खोली घेतात आणि बालानगर, सनतनगरच्या कारखान्यांत कामाला लागतात. पगारातून ई.एस.आय.चे पैसे कापले की ते बुडाले असे वाटते. पण बायको, मुले आणि आश्रित आई-वडील यांचा औषधोपचार त्याच कपातीवर चालतो. मुलगा जखमी होऊन घरी बसला व कपात थांबली, तर घरच्यांचा दवाखाना चालू राहतो का? आजचा धडा याविषयी आहे.

योजनेची ओळख

कामगार विम्याचा मूळ कायदा 1948 साली झाला. योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. 2017 साली पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये ठरली. 2019 पासून कामगाराचा वाटा पगाराच्या 0.75 टक्के व मालकाचा 3.25 टक्के आहे. म्हणजे 12,000 रुपये पगारावर कामगाराचे 90 रुपये व मालकाचे 390 रुपये. सनतनगरचे मोठे ई.एस.आय. रुग्णालय कुकटपल्लीहून जवळच आहे.

जखम कामावर झाली तर

यंत्रात हात सापडला, किंवा कामावर जाता-येता अपघात झाला, तर ती कामावरची जखम धरता येते. अशा वेळी किती दिवस कपात झाली हे पाहिले जात नाही. डॉक्टर विश्रांती सांगतील तोवर पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. मात्र अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम बंद असावे लागते. ही रक्कम चालू असेपर्यंत दवाखान्याचा हक्कही टिकतो.

येथेच बरेच जण फसतात. ठेकेदार म्हणतो, “घरी पडलो असे सांग, खर्च मी देतो.” कामगार भिडेपोटी तसे सांगतो. खर्च आठवडाभर मिळतो, पण कामावरच्या जखमेचा हक्क हातचा जातो. म्हणून अपघाताची नोंद त्याच दिवशी करवून घ्या आणि तिची प्रत ठेवा.

जखम घरी किंवा शेतात झाली तर

मुलगा सुगीला गावी आला आणि झाडावरून पडला, तर हिशेब वेगळा. येथे सहा महिन्यांत निदान 78 दिवसांची कपात लागते. ती असल्यास वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. ऑक्टोबर ते मार्चची कपात पुढच्या जुलै ते डिसेंबरसाठी चालते. एप्रिल ते सप्टेंबरची कपात जानेवारी ते जूनसाठी.

समजा, मुलगा एप्रिलमध्ये पडला आणि वर्षअखेरपर्यंत कामावर गेलाच नाही. आधीची कपात पुरेशी असेल तर 31 डिसेंबरपर्यंत निभावेल. 1 जानेवारीपासून घरच्यांचाही आधार तुटेल. तो दिवस आधीच मोजून ठेवा.

हे ध्यानात ठेवा

1. विम्याचा क्रमांक घरीही लिहून ठेवा. बायको-मुले व आई-वडिलांची नावे नोंदली आहेत का ते पाहा.
2. डॉक्टरांचा प्रत्येक दाखला जपा आणि वेळेवर द्या.
3. घाबरून राजीनाम्यावर सही करू नका.
4. कामावरच्या जखमेने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सुटली, तर वर्षाला 120 रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत स्वतःचा व पत्नीचा उपचार चालू ठेवता येतो.
5. शिधापत्रिका नीट ठेवा. विमा तुटल्यास तेलंगणात आरोग्यश्री व महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हा दुसरा आधार आहे, आणि तेथे शिधापत्रिका विचारतात. स्वतःच्या शेतात राबणाऱ्याला ई.एस.आय. नाहीच, म्हणून त्यानेही हे कागद तयार ठेवावेत.

घरी विचारा

आपल्या मुलाच्या पगारातून ई.एस.आय. कापतात का? कापलेले पैसे भरले जातात का? विम्यात आई-वडिलांचे नाव आहे का? आज रात्री फोनवर हे तीन प्रश्न विचारा. हातपाय धड असताना विचारलेले बरे.