आधी कार्यालय, मग लेन्स

ज्याच्याजवळ बऱ्यापैकी कॅमेरा आहे त्याच्या मित्रांची लग्ने ठरू लागली, म्हणजे निमंत्रणपत्रिकेबरोबर त्याच्या नावे एक अलिखित फर्मानही निघते: ठरवलेला फोटोग्राफर त्याचे काम करीलच, परंतु ‘आपले’ फोटो तू काढायचेस. असे फर्मान मला आले तेव्हा लहान सेन्सरची निकॉनची बॉडी आणि तिच्यासोबत आलेली 18-55 ची किट लेन्स एवढाच माझा सरंजाम होता. आणि साताऱ्याच्या ज्या जुन्या मंगल कार्यालयात लग्न व्हायचे होते तेथील ट्यूबलाइटच्या उजेडात ही लेन्स किती तग धरील याविषयी मनात शंका असल्यामुळे, एखादी स्वस्त प्राइम लेन्स घ्यावी अशी तजवीज मी चालविली होती. ज्याला विचारावे तो एकच सल्ला देई, की डोळे मिटून पन्नास घे, एक पॉइंट आठवाली.

हा सल्ला अगदीच निराधार नाही. किट लेन्स 55 वर नेली की तिचे अ‍ॅपर्चर एफ/5.6 च्या पुढे उघडत नाही, आणि एफ/1.8 ला त्याच्या जवळजवळ दसपट प्रकाश आत येतो. म्हणजे जेथे शटर एक-दशांश सेकंद उघडे ठेवल्याने मंगळसूत्र बांधणारे हात निव्वळ धूसर पट्टे होऊन बसतात, तेथे 1/100 सेकंदात काम भागते. परंतु प्रकाशाचा हा हिशेब मांडताना अंतराचा हिशेब मांडावयाचे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते, आणि प्राइम लेन्सला झूम नसल्यामुळे अंतर हीच तिची खरी किंमत आहे, दुकानातल्या पावतीवर लिहिलेली नव्हे, असे माझे मत आहे.

साखरपुडा त्याच कार्यालयाच्या माडीवरील लहान दालनात होता. खरेदीपूर्वी रुजुवात करून घ्यावी म्हणून एका स्नेह्याची पन्नासची लेन्स मी मागून नेली. लहान सेन्सरवर ही लेन्स 75 मिलिमीटरसारखी वागते, आणि तीन मीटरवरून तिच्यात दीड मीटर रुंदीही पुरती मावत नाही, हे कागदावर मला ठाऊक होते. पण वधूची ओटी भरावयास मावशी पुढे सरसावल्या, माझी पाठ भिंतीला टेकली, उजवीकडे पेढ्यांची ताटे, डावीकडे खुर्च्यांची रांग, आणि चौकटीत खण-नारळ व दोन हात तेवढे सुरेख आले, मावशींचा चेहरा मात्र कपाळापाशी कापला गेला, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ उमगला. मागे सरकावयास जागाच नव्हती. त्याच जागेवरून किट लेन्सची कडी 35 वर ठेवून पाहिली, तो दोन मीटरचा देखावा आत आला, आणि निर्णय तेथल्या तेथे झाला.

म्हणून ज्याला हे काम अंगावर घ्यावयाचे आहे त्याने लग्नाच्या आधी केव्हातरी कार्यालयात जाऊन यावे, किट लेन्सची कडी प्रथम 35 वर व मग 50 वर चिकटपट्टीने जखडावी आणि बोहल्याच्या सभोवती जेथे उभे राहण्याची मुभा मिळेल तेथून तेथून पाहावे. वधूवर नखशिखांत उभे आडव्या नव्हे तर उभ्या चौकटीत घ्यावयाचे, तर पन्नासला सव्वाचार मीटर लागतात, 35 ला तीन. बोहल्यासमोर पहिल्या रांगेतल्या आजी-आजोबांच्या खुर्च्या मांडल्या, की हे सव्वा मीटर कोठून आणणार?

प्रत्यक्ष लग्नात 35 ची लेन्स उपयोगी पडली, तरी एफ/1.8 हे काही अभयदान नव्हे. मंगलाष्टके चालू असताना दर ‘सावधान’ला अक्षतांची जी वृष्टी होते तीत फोकस वधूच्या डोळ्यांवरून निसटून एखाद्या काकूंच्या उगारलेल्या मुठीवर जाऊन बसतो, कन्यादानात एकावर एक ठेवलेले हात आणि त्यांवरून पडणारी पाण्याची धार स्वच्छ येते, पण हातभर मागे असलेला वधूपित्याचा चेहरा विरघळून जातो, आणि त्या क्षणी पाहण्यासारखा तर तोच असतो. दोन मीटरवरून पन्नासच्या लेन्सला एफ/1.8 वर जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटर खोलीपुरते स्पष्ट दिसते, 35 ला त्याच्या सुमारे दुप्पट. मी विधी चालू असताना अ‍ॅपर्चर एफ/2.8 वर आणले, आयएसओ वाढविला, आणि दाणेदारपणाची हरकत घेतली नाही. छापलेल्या फोटोत तो कोणाला दिसतही नाही. ट्यूबलाइटखाली शटर 1/50 किंवा 1/100 ठेवावे. आपल्याकडचे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि त्याहून वेगवान शटरला एक फोटो उजळ तर दुसरा पिवळट येतो.

जुन्या बाजारात लेन्स घेणाऱ्याने थोडे अधिक सावध असावे. निकॉनची 50 एफ/1.8 डी ही लेन्स स्वस्तात मिळते, पण डी3000 किंवा डी5000 मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसल्यामुळे तिच्यावर ती आपोआप फोकस करीत नाही. एका दुकानदाराने हा खुलासा न करताच ती माझ्या पुढ्यात ठेवली होती. लेन्सवर ‘एएफ-एस’ ही अक्षरे पाहावी. कोकणात चार पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये बुरशी असण्याचा संभव फार. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च लावला, की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. दिसले तर किंमत कितीही उतरो, ती लेन्स घरातल्या इतर लेन्सच्या शेजारी आणू नये. एकाच लग्नापुरती गरज असेल तर पुण्यामुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्यानेही मिळते.

राहता राहिली आप्तेष्टांची मोठी रांग. पाच मीटर रुंदीच्या रांगेला 35 ची लेन्ससुद्धा साडेसात मीटर मागे रेटते, आणि तेवढ्यात तुमच्या पंक्तीचा वरणभात निवतो. ते काम ठरवलेल्या फोटोग्राफरवर सोपवावे. त्याच्याजवळ स्टूल आहे, दिवे आहेत, आणि त्याने त्याचे पैसेही घेतलेले आहेत.