श्रमसाधनेला जोडीनं निघताना

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावर साधनेसाठी जायचं मनात असेल, तर एक गोष्ट आधीच सांगते. तिथं विश्रांती मिळेल म्हणून जाऊ नका. तिथं काम असतं, आणि कामाशिवाय ती जागा समजतही नाही.

आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबानं इ.स. ५६३ मध्ये या बेटावर मठ उभारला. पण आज तिथं जे चालतं त्याचं मूळ १९३८ सालात आहे. ग्लासगोच्या गोव्हन भागातले पाळक जॉर्ज मॅक्लिऑड यांनी बेकार झालेले कारागीर आणि पाळकपणाचं शिक्षण घेणारे तरुण बरोबर घेतले आणि पडझड झालेल्या मठाच्या इमारती बांधायला काढल्या. गवंडी सांगणार आणि होणारे पाळक त्याच्या हाताखाली दगड उचलणार, अशी ती रीत. आज आठवड्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांनाही भांडी, भाजी चिरणं, झाडलोट, संडास धुणं यांतलं काही ना काही वाट्याला येतं. सकाळ-संध्याकाळ उपासना आणि मधल्या वेळात हे.

आमच्या जालन्याच्या ख्रिस्ती माणसाला स्कॉटलंड परकं वाटत नाही. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री स्कॉटिश मिशनचेच. त्यामुळे आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि माझ्या पाळक पतींना, ही वाट जवळची वाटली. आमची मंडळीही खूश होती. अडचण आली ती कागदांची.

आमचा व्हिसाचा अर्ज एका एजंटानं भरला. प्रवासाचं कारण म्हणून त्यानं ‘मिशनरी काम’ असं लिहिलं. आमच्या साधनेच्या माहितीतही काम हा शब्द होता, म्हणून त्याला ते बरोबरच वाटलं असेल. अर्ज नाकारला गेला. नाकारलेल्या अर्जाची फी परत मिळत नाही, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात हा नकार नमूद करावा लागतो. नियम तसा सरळ आहे. ब्रिटनच्या साध्या भेटीच्या व्हिसावर पगाराची नोकरी करता येत नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा चालते, पण एकूण ३० दिवसांपर्यंतच. त्याहून जास्त दिवस स्वयंसेवक म्हणून राहायचं असेल तर व्हिसा वेगळा, आणि त्यासाठी संस्थेनं प्रायोजक व्हावं लागतं. तेव्हा अर्ज कोणीही भरो, पाठवण्याआधी प्रत्येक ओळ दोघांनी बसून वाचा. इंग्रजी कच्चं असेल तर मंडळीतल्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवा. आपण पाहुणे म्हणून जातोय, किती दिवस, खर्च कोण करतंय, परत येऊन कुठली सेवा करायची आहे, हे अर्जात आणि संस्थेच्या पत्रात एकसारखं असलं पाहिजे. दुसऱ्या वेळी आम्ही तसंच केलं आणि व्हिसा मिळाला.

मिशनरी जोडपं परदेशी आलंय म्हटल्यावर तिथल्या मंडळ्या मायेनं बोलावतात. एका मंडळीनं आमच्यासाठी साधनेच्या आधी आणि नंतर भाषणं, जेवणं, शाळाभेटी अशी रांगच लावली. माणसं प्रेमळ होती, शंकाच नाही. पण बेटावर पोचलो तेव्हा ह्यांचा आवाज बसलेला होता आणि माझे गुडघे सुजलेले. आपल्याला मदत करणाऱ्या अशा मंडळ्यांना ‘नाही’ म्हणायला आपण कचरतो. म्हणून हे पत्रव्यवहारातच लिहून टाका: साधनेच्या आधीचे दोन दिवस मोकळे, नंतरचे दोन दिवस मोकळे, बाकीच्या दिवसांत जे सांगाल ते.

आता कामाबद्दल. हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले.

पाळकाची बायको घरी वर्षभर काय करते? येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, मुक्कामाला आलेल्यांचं जेवण, सणाला शंभर माणसांचा स्वयंपाक. बेटावर माझ्या वाट्याला पुन्हा चाकू आणि गाजरं आली तेव्हा मला रडू फुटायचंच बाकी होतं. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे काम ठरलेल्या वेळी संपायचं. त्यानंतर कोणी हाक मारायचं नाही. दुसरं म्हणजे माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक कांदे चिरत होते, आणि त्यात आपण काही विशेष करतोय असं त्यांना वाटत नव्हतं. तरीही मी बायकांना सांगेन, नाव नोंदवतानाच कळवा की मी घरी हेच करते, मला दुसरं काही द्या. बागेत, ग्रंथालयात, मेणबत्त्या लावायला. मागितलं तर मिळतं. न मागता कोणाला कळणार?

ह्यांच्या वाट्याला संडास आले. युरोपातल्या पाळकासाठी संडास धुणं ही नम्रतेची साधना असते. ह्यांच्या आजोबांनी मात्र जातीनं लादलेली घाणीची कामं टाकून मिशनच्या शाळेत पाऊल ठेवलं होतं. हातात ब्रश घेतल्यावर हे गप्प झाले. मी ओळखलं. त्या रात्री आम्ही फार वेळ बोलत बसलो. हे म्हणाले, ‘यादी बघितली मी. उद्या त्या डॉक्टरबाईंची पाळी आहे, परवा त्या बिशपांची. पाळी सगळ्यांची आहे म्हणून मी करतो. फक्त माझ्यावर आली असती तर बॅग उचलली असती.’ मला ते पटलं. आपल्यातल्या पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास असाच आहे. म्हणून जोडप्यानं निघण्याआधीच एकमेकांना विचारावं, कुठलं काम केलं तर तुला लागेल? आणि ते संस्थेला स्पष्ट सांगावं. सांगण्यात अश्रद्धा नाही. कोणाला त्या कामातूनच मोकळं वाटेल, कोणाची जुनी जखम उघडेल. बाहेरच्या माणसाला त्यातलं काय खरं ते कळू शकत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. ग्लासगोहून रेल्वेनं ओबान, तिथून बोटीनं मल बेटावर क्रेग्न्युअर, मग बसनं ते बेट ओलांडून फिनफर्ट, आणि शेवटी छोटी बोट. वारा सुटला की बोटी बंद होतात. आमची बंद झाली, आणि मुंबईचं विमान चुकायचं थोडक्यात राहिलं. परतीचं विमान बेट सोडल्याच्या दुसऱ्या दिवशीचं कधीच घेऊ नका, मध्ये दोन रात्री ठेवा. जुलैतही स्वेटर आणि चांगला रेनकोट लागतो. प्रवास विमा काढा. तिथल्या सरकारी दवाखान्यात रहिवाशांना पैसे पडत नाहीत, पण भेटीला आलेल्या माणसाला दाखल केलं तर बिल येतं.

पैशांचं निघण्याआधीच मंडळीला सांगा. तिकीट कोणी काढलं, राहण्याचं कोणी दिलं, आपल्या खिशातून किती गेलं, हे रविवारी उपासनेनंतर उभं राहून वाचून दाखवा. आम्ही तसं केलं तरी एका घरानं अबोला धरला. पण विचारणाऱ्याला दाखवायला आमच्याजवळ कागद होता.

आणि परत आल्यावरच्या पहिल्या रविवारचा संदेश निघण्याआधीच दुसऱ्या पाळकांकडे सोपवून ठेवा. पाळकाच्या बायकोनंही त्या आठवड्यात पाहुणे घेऊ नयेत. तसं आधीच सगळ्यांना कळवून टाकावं.